उत्तर ध्रुवाशेजारची बेवारशी भूमि



इ. स. १९२० च्या फेब्रुवारीच्या ९ तारखेस पॅरिस शहरांत एका करारनाम्यावर सह्या झाल्या. पहिलें महायुद्ध संपून सव्वा वर्ष झालें होतें, आणि त्या हंगामांत पॅरिसमध्यें करारनाम्यांची एवढी दाटी उडाली होती कीं, त्यांतील हा लहानसा कागद फारसा कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं. उत्तर ध्रुवापासून हजार-बाराशें किलोमीटरवर असलेल्या कांहीं बर्फाळ बेटांविषयींचा तो करार होता. सह्या करणारीं राष्ट्रें नऊ : अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान, डेन्मार्क, हॉलंड, स्वीडन आणि नॉर्वे. इंग्लंडच्या सहीबरोबर त्याच्या साम्राज्यांतील घटक देशांच्या निराळ्या सह्या होत्या, आणि त्यांत हिंदुस्थानाच्या नांवापुढें सही होती लॉर्ड डर्बी यांची. हे गृहस्थ पॅरिस येथें इंग्लंडचे वकील होते. म्हणजे एकाच गृहस्थानें एकदां इंग्लंडकरितां व पुन्हां एकदां हिंदुस्थानाकरितां लेखणी उचलली. त्या गोठलेल्या बेटांचें काय व्हावें हें हिंदी प्रजेस विचारण्याचा प्रश्न अर्थातच उद्भवला नव्हता. तथापि त्या न विचारतां झालेल्या सहीनें आपल्या देशाच्या पदरांत एक हक्क पडला, आणि तो आजहि आपला आहे. तो हक्क कसला, त्याची किंमत किती, हें पाहावयाचें तर या बेटांची कुळकथा थोडी मागून सांगितली पाहिजे.

महाराष्ट्रांत उत्तर ध्रुवाचें नांव निघालें कीं सुशिक्षितांस लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालच्या ग्रंथाची आठवण होते. तो वाद वेदांच्या कालाचा व आर्यांच्या मूलस्थानाचा. मी ज्या ध्रुवप्रदेशाविषयीं बोलणार आहें तो चरबीचा, कोळशाचा आणि राजकारणाचा आहे, आणि तेथें कोणाचेंच मूलस्थान नव्हतें. स्पिट्सबर्गेन किंवा, आजच्या अधिकृत नांवानें, स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेच्या उत्तरेस ७४ ते ८१ अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारें ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या एकपंचमांशाइतकें. शाळेच्या भिंतीवरील जुन्या नकाशांत हीं बेटें फार मोठीं दिसतात, तो नकाशा काढण्याच्या रीतीचा दोष आहे. निम्म्याहून अधिक भूमि हिमनद्यांखालीं आहे. हिवाळ्यांत जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाहीं व उन्हाळ्यांत तितकेच महिने मावळत नाहीं. ग्रीनलंडांत किंवा उत्तर कॅनडांत एस्किमो लोक शेंकडों वर्षें राहिले. येथें मात्र मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. एक गोष्ट तेवढी या बेटांस अनुकूल आहे. अटलांटिक महासागरांतून येणारा उष्ण प्रवाह त्यांच्या पश्चिम किनाऱ्यास लागून वाहतो, त्यामुळें इतक्या उत्तरेस असूनहि तो किनारा वर्षांतील बराच काळ जहाजांस मोकळा असतो. पुढील सर्व इतिहास या एका प्रवाहावर तरंगत आलेला आहे.

१५९६ सालीं विलेम बारेन्ट्स हा डच नावाडी चीनकडे जाण्याचा उत्तरेकडील मार्ग शोधीत असतां या बेटांस लागला. टोंकदार डोंगर पाहून त्याच्या मंडळींनीं त्यांस स्पिट्सबर्गेन हें नांव दिलें. चीनची वाट सांपडली नाहीं. तो हिवाळा नोव्हाया झेम्ल्या बेटावर बर्फांत अडकून काढावा लागला, आणि परतीच्या वाटेवर १५९७ सालीं बारेन्ट्स मरण पावला. १६०७ सालीं हेन्री हडसन हा इंग्रज नावाडी त्याच भागांत गेला व तेथील उपसागरांत देवमासे विपुल आहेत अशी वार्ता घेऊन आला. तेव्हां युरोपांत दिव्यांस व साबणास तेल हवें होतें. देवमाशाच्या तोंडांतील लवचिक पट्ट्यांसहि, उच्चकुलीन स्त्रियांच्या घट्ट कंचुकींत घालण्यासाठीं, चांगली किंमत येई. चारपांच वर्षांत इंग्रजांचीं, डचांचीं, फ्रेंचांचीं, डेन लोकांचीं जहाजें तेथें गर्दी करूं लागलीं, आणि देवमासे मारण्याची खरी विद्या ज्यांस अवगत होती ते बास्क खलाशी सर्वांच्या नोकरींत दिसूं लागले.

गर्दीमागून तंटा आलाच. १६१३ सालीं इंग्रजांच्या मस्कोव्ही कंपनीनें तोफा चढविलेलीं जहाजें पाठवून इतर राष्ट्रांच्या शिकाऱ्यांना हुसकून लावलें. पुढल्या वर्षीं इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानें ही भूमि आपली असें जाहीर केलें. डेन्मार्कचा राजा म्हणे, ही ग्रीनलंडचीच शेंपटी, आणि ग्रीनलंड तर आमचें. डच म्हणत, समुद्र कोणाचाच नव्हे. शेवटीं कोणाचाच दावा न ठरतां ज्यानें त्यानें आपापला उपसागर वांटून घेतला. डचांनीं वायव्य टोंकास ॲम्स्टरडॅम बेटावर स्मेरेनबुर्ग नांवाचें ठाणें उभारलें. नांवाचा अर्थच चरबीचें गांव. किनाऱ्यावर भट्ट्यांची ओळ, त्यांवर तांब्याच्या प्रचंड कढया, आणि सर्व उन्हाळाभर चरबी कढविण्याचें काम. देवमासे किनाऱ्याजवळ येईनासे होतांच जहाजें त्यांच्यामागें बाहेरच्या समुद्रांत गेलीं व गांव ओस पडलें. ज्या जातीच्या देवमाशासाठीं एवढा आटापिटा झाला ती त्या समुद्रांतून जवळजवळ नामशेष झाली. ही भूमि कोणाची, हा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला. घेण्यासारखें कांहीं न उरल्यामुळें तो विचारण्याची गरजच कोणास वाटेना. पुढें दीडदोनशें वर्षें रशियन व नॉर्वेजियन शिकारी वॉलरस, अस्वल व कोल्हे यांच्यासाठीं येत-जात राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभीं वाफेच्या जहाजांना कोळसा हवा होता, आणि या बेटांच्या डोंगरांत कोळशाचे थर उघडे दिसत होते. जॉन लाँगइयर नांवाचा एक अमेरिकन धनिक १९०१ सालीं सफरीस म्हणून आला आणि १९०६ सालीं कंपनी काढून खाण चालवूं लागला. आजच्या लाँगइयरब्येन या मुख्य गांवास त्याचेंच नांव आहे. मागोमाग नॉर्वेजियन, स्वीडिश, रशियन, इंग्रज, स्कॉटिश, डच असे सर्वच आले. कोणाचेंच राज्य नसल्यानें जमीन मिळविण्याची रीत फार सोपी होती. लांकडी फलकावर आपलें नांव लिहावें, तो किनाऱ्यावर रोवावा आणि मायदेशीं जाऊन भागभांडवल गोळा करावें. एकाच दरींत दोन-तीन कंपन्यांचे फलक उभे असत. अर्नेस्ट मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रजास तर संगमरवराचा डोंगरच सांपडला. त्यानें १९११ च्या सुमारास तेथें यंत्रें आणलीं, वाफेचे याऱ्या उभारले, वस्तीस नवें लंडन असें नांव दिलें. हजारों वर्षांच्या हिमानें तो दगड आंतून तडकलेला होता. थंडींतून बाहेर निघतांच त्याचा चुरा होई. तीं यंत्रें तेथेंच गंजत पडलीं.

परंतु कोळसा खरा होता, आणि खाण म्हटली कीं मजूर आले, संप आले, मारामारी आली. अपराध्यास पकडावयाचें कोणीं? खटला कोणत्या कायद्यानें चालवावयाचा? फलकांचा तंटा कोणत्या न्यायाधीशापुढें न्यावयाचा? नॉर्वे, स्वीडन आणि रशिया यांनीं १९१० व १९१२ सालीं क्रिस्तियानिया येथें, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरांत, परिषदा भरवून तिघांच्या संयुक्त मंडळानें या बेटांचा कारभार पाहावा अशी योजना आंखली. जर्मनी व अमेरिका यांस ती रुचेना. १९१४ च्या उन्हाळ्यांत मोठी परिषद बसली, वादांत अडकली, आणि ती पुन्हां भरण्यापूर्वींच युरोपांत युद्धाचा वणवा पेटला.

युद्धानें जें परिषदांस साधलें नाहीं तें साधून दिलें. जर्मनी पराभूत झाला होता. रशियांत क्रांति होऊन यादवी चालू होती, तेव्हां त्यास पॅरिसला कोणी बोलाविलेंच नाहीं. नॉर्वे युद्धांत तटस्थ होता. तरी जर्मन पाणबुड्यांनीं त्याचीं पुष्कळशीं व्यापारी जहाजें बुडवून सुमारें दोन हजार खलाशांचे प्राण घेतले होते, आणि दोस्त राष्ट्रांस त्याची कांहीं भरपाई करावीशी वाटत होती. पॅरिस येथील नॉर्वेचा वकील वेडेल यार्ल्सबर्ग यानें ही संधि बरोबर हेरली. माझ्या मतें याच्याहि खालीं एक साधी गोष्ट होती. एखाद्या बलाढ्य राष्ट्रास हीं बेटें दिलीं असतीं तर दुसऱ्या बलाढ्य राष्ट्राची झोंप उडाली असती. नॉर्वे १९०५ सालीं स्वीडनपासून वेगळा झालेला, लहान, दरिद्री नव्हे पण दुर्बळ. गांवच्या तंट्यांतील ठेव ज्याच्यापासून कोणासच भय नाहीं अशा गृहस्थाच्या घरीं ठेवतात, त्यांतलाच हा प्रकार.

करार वाचतांना ही ठेवीची भावना पानोपानीं जाणवते. पहिल्या कलमानें नॉर्वेस संपूर्ण सार्वभौमत्व दिलें, आणि पुढील कलमांनीं त्यास बांधून घेतलें. सर्व सहीकर्त्या राष्ट्रांच्या प्रजाजनांस मासेमारी व शिकार यांचे समान हक्क. खाणी, व्यापार व उद्योग यांचे समान हक्क. बंदरांत शिरण्याची समान मोकळीक. तेथें बसविलेला कर तेथेंच खर्च करावयाचा, ऑस्लोच्या तिजोरींत न्यावयाचा नाहीं. खनिजांच्या निर्यातीवरील कराचीहि मर्यादा ठरविली : पहिल्या लाख टनांपर्यंत शेंकडा एक. नवव्या कलमानें नाविक तळ व तटबंदी यांस मनाई केली आणि युद्धकार्यासाठीं या बेटांचा उपयोग कधींहि होऊं नये असें ठरविलें. करार १९२५ सालीं अंमलांत आला. पुढें इतर राष्ट्रेंहि येत गेलीं. आज त्यांची संख्या चाळीसांहून अधिक आहे. स्वतंत्र भारतास ही सही वारशानें मिळाली, आणि म्हणून आपला कोणीहि नागरिक स्वालबार्डमध्यें व्हिसाशिवाय राहूं शकतो व उद्योग करूं शकतो. वाटेंत नॉर्वेंत उतरावें लागतें, त्याचा व्हिसा मात्र लागतो, ही गोष्ट निराळी!

या कराराचा सर्वांत अधिक फायदा कोणी घेतला? ज्यास बोलाविलें नव्हतें त्यानेंच. कराराच्या दहाव्या कलमांत रशियन प्रजेसाठीं जागा राखून ठेवलेली होती. १९२४ सालीं सोव्हिएट सरकारनें नॉर्वेचें स्वामित्व मान्य केलें व १९३५ सालीं करारांत प्रवेश केला. दरम्यान १९२७ सालीं स्वीडिश लोकांची पिरामिडेन ही खाण व १९३२ सालीं डचांची बारेन्ट्सबुर्ग ही खाण रशियनांनीं विकत घेतली. पुढें कित्येक दशकें, नॉर्वेच्या या भूमीवर नॉर्वेजियनांपेक्षां सोव्हिएट प्रजेचीच वस्ती अधिक होती. कोळसा फायद्यांत निघत होता म्हणून हें चाललें नव्हतें, तर वस्ती राखण्यासाठीं खाण राखली होती. आणि खरें सांगावयाचें तर नॉर्वेचेंहि पुष्कळ काळ तसेंच चाललें होतें.

दुसऱ्या महायुद्धांत नववें कलम फार दुबळें ठरलें. युरोपचें हवामान बरेंचसें उत्तरेकडून येतें. उद्यां वादळ होणार कीं आकाश निवळणार हें ज्यास आज कळतें त्याचें विमान व त्याचें आरमार शत्रूपेक्षां एक दिवस पुढें असतें. शिवाय रशियास रसद नेणारे तांडे याच समुद्रांतून मुर्मान्स्ककडे जात. १९४१ च्या उन्हाळ्याअखेर दोस्तांच्या फौजेनें येथील सुमारें दोन हजार सोव्हिएट रहिवाशांस रशियांत व नॉर्वेजियनांस इंग्लंडांत हलविलें व कोळशाचे ढीग पेटवून दिले. जर्मनांनीं चोरून वेधशाळा थाटल्या. सप्टेंबर १९४३ मध्यें टिर्पिट्झ व शार्नहोर्स्ट या प्रचंड युद्धनौकांनीं येऊन लाँगइयरब्येन व बारेन्ट्सबुर्ग हीं खाणींचीं गांवें तोफांनीं उध्वस्त केलीं. बर्लिन पडल्यावरहि एका दूरच्या फियोर्डांत अकरा जर्मन वेधकर्ते हवामानाच्या नोंदी घेत बसले होते. सप्टेंबर १९४५ मध्यें त्यांनीं सीलची शिकार करणाऱ्या एका नॉर्वेजियन जहाजाच्या कप्तानापुढें शस्त्रें ठेवलीं. जर्मन सैन्यांतील शरण आलेली ही अखेरची तुकडी.

त्याच्या आधींच, नोव्हेंबर १९४४ मध्यें, मॉस्को येथें मोलोटोव्ह यानें नॉर्वेचा परराष्ट्रमंत्री त्रिग्वे ली यास सुनाविलें होतें कीं, हा करार केराच्या टोपलींत टाकावा, बेअर बेट रशियास द्यावें आणि बाकीच्या बेटांवर उभयतांनीं मिळून राज्य करावें. मोलोटोव्हचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नव्हे. रशियाच्या उत्तर आरमाराचीं बंदरें कोला द्वीपकल्पावर आहेत, आणि तेथून अटलांटिककडे निघालेल्या जहाजास बेअर बेट व नॉर्वेचें उत्तर टोंक यांच्यामधून जावें लागतें. उंबऱ्याबाहेरचा कठडा परक्याच्या हातीं, ही त्याची तक्रार. नॉर्वेच्या संसदेनें १९४७ सालीं दोघांपुरत्या वाटाघाटींस नकार दिला. करार अनेकांचा असल्यामुळें एकट्यानें तो मोडतां येत नाहीं, या उत्तरामागें लहान राष्ट्र उभें राहूं शकलें. दूरच्या देशांच्या सह्यांचा, आपल्या त्या न विचारतां झालेल्या सहीचासुद्धां, हा उपयोग झाला.

आतां विज्ञानाकडे वळूं. पण त्याची वाटहि कोळशाच्या खाणींतूनच गेलेली आहे. नी-ऑलेसुंड हें ७९ अक्षांशांजवळील खेडें १९१६ सालीं स्थापन झालेल्या एका कोळसा कंपनीचें. १९२६ सालीं अमुंडसेन, एल्सवर्थ व नोबिले यांचें नोर्गे हें विमाननौकेसारखें वायुयान येथूनच ध्रुवावरून उडत गेलें. ५ नोव्हेंबर १९६२ रोजीं खाणींत स्फोट होऊन २१ कामगार ठार झाले. खाण सरकारी मालकीची होती. चौकशीच्या अहवालावरून एवढा गदारोळ उठला कीं, १९६३ सालीं नॉर्वेचें मंत्रिमंडळ कोसळलें. खाण कायमची बंद झाली आणि रिकामीं घरें संशोधकांना मिळूं लागलीं. आज तेथें अनेक राष्ट्रांचीं केंद्रें आहेत. १ जुलै २००८ रोजीं भारताचें हिमाद्रि हें केंद्र तेथें उघडण्यांत आलें. त्याचा कारभार गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहे. २०१४ सालीं जवळच्या फियोर्डांत भारतानें पाण्याखालीं वेधयंत्रें सोडलीं, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले संशोधक ध्रुवीय रात्रींतहि तेथें राहूं लागले. उत्तरेकडील बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचें नातें काय, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय आहे.

येथें एक बारीक पण महत्त्वाची अडचण आहे. १९२० च्या करारांत देवमासे आहेत, खाणी आहेत, व्यापार आहे. विज्ञानाविषयीं मात्र पांचव्या कलमांत एवढेंच म्हटलें आहे कीं, संशोधनाच्या अटी ठरविण्यासाठीं पुढें निराळे करार करावेत. तसा करार आजतागायत झालेला नाहीं. म्हणून नॉर्वे म्हणतो, संशोधन हा आम्हीं दिलेल्या परवानगीचा भाग आहे. इतरांस वाटतें, कोणत्याहि हेतूनें प्रवेश करण्याची मोकळीक दिली त्यांत तेंहि आलें. म्हणजे ज्या खाणी आपण कधींच खणणार नाहीं त्यांच्यावर आपला हक्क निर्विवाद आहे, आणि जें काम आपण प्रत्यक्ष करतों तेंच संदिग्ध राहिलें आहे. करार लिहिणाऱ्यांस त्यांच्या काळचा माल दिसत होता. आजचा माल दिसणें त्यांस शक्य नव्हतें. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या प्रत्येक फेरींत, म्हणजे दिवसांतून सुमारें चौदा वेळां, या बेटांच्या टप्प्यांत येतो. त्यामुळें १९९७ पासून लाँगइयरब्येनजवळच्या पठारावर उपग्रहांशीं संदेश बोलणाऱ्या थाळ्यांचें एक वनच उगवलें आहे. तो संदेश मुख्य भूमीकडे नेणाऱ्या दोन तारा समुद्रतळावरून जातात. जानेवारी २०२२ मध्यें त्यांतील एकीस इजा झाली तेव्हां ऑस्लोंत किती धांवपळ उडाली असेल याची कल्पना करावी. त्याच वर्षीं युक्रेनच्या युद्धामुळें बारेन्ट्सबुर्गला जाणारा रशियन माल नॉर्वेनें सरहद्दीवर अडविला, रशियानें लगेच कराराचें बोट दाखविलें, व महिन्याभरांत कशीबशी तडजोड झाली. २०२४ सालीं बेटांवरील खाजगी मालकीची एक मोठी जमीन तीस कोटि युरोंस विक्रीस निघाली, तेव्हां नॉर्वे सरकारनें तो व्यवहारच थांबविला.

कोळसा मात्र संपला. लाँगइयरब्येनचें विजेचें केंद्र २०२३ सालीं कोळशावरून डीझेलवर गेलें, आणि नॉर्वेची तेथील अखेरची, सात क्रमांकाची खाण जून २०२५ अखेर बंद झाली. ज्या जिनसेसाठीं फलक रोवले गेले, परिषदा भरल्या आणि करार झाला, ती जिन्नस आतां कोणास नको आहे.

भांडण आतां बेटांभोंवतालच्या समुद्रावर येऊन ठेपलें आहे. करार झाला तेव्हां किनाऱ्यालगतचा समुद्र तेवढाच राज्याचा समजत. पुढें समुद्राचा कायदा बदलून किनाऱ्याच्या राष्ट्रास २०० सागरी मैलांपर्यंत हक्क मिळाले, आणि १९७७ सालीं नॉर्वेनें या बेटांभोंवतीं तेवढें मत्स्यक्षेत्र जाहीर केलें. त्या पाण्यांत समान हक्काचें कलम लागू आहे कीं नाहीं? नॉर्वे म्हणतो, करारांत लिहिलेल्या समुद्रापुरतेंच, म्हणजे आज बारा मैलांपर्यंत. इतरांचें म्हणणें असें कीं, बेटें कराराचीं असतील तर बेटांमुळें मिळालेला समुद्रहि कराराचाच. हा वाद न्यायालयांत आला तो एका खेकड्यामुळें. युरोपीय संघाच्या परवान्यावर या भागांत हिमखेकडे धरूं पाहणाऱ्या लाटव्हियाच्या एका मच्छीमार कंपनीनें समान हक्क मागितला, आणि २० मार्च २०२३ रोजीं नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नाकारला. खेकड्यासाठीं एवढें भांडण कां, असें आपणांस वाटेल. कायद्याच्या दृष्टीनें हा खेकडा माशांत मोडत नाहीं. तो समुद्रतळास चिकटून राहतो, म्हणून तो समुद्रतळाचा भाग. खेकड्याविषयीं जो निकाल लागेल तोच तळाखालच्या तेलास व वायूस लागू पडणार. निकाल देणारें न्यायालय नॉर्वेचें, आणि करार चाळीसांहून अधिक राष्ट्रांचा. आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढें हा प्रश्न अद्याप गेलेला नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें नॉर्वेच्या संसदेनें स्वालबार्डच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस पसरलेल्या समुद्रतळावर खनिजांचा शोध घेण्यास संमति दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, अंदाजपत्रकास पाठिंबा मिळविण्याच्या घासाघिशींत, पहिले परवाने देणें सरकारला पुढें ढकलावें लागलें.